दशम्या जरूर न्या, माकडांपासून लांब राहा

इचलकरंजीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"डॉक्टर ताई, नमस्कार. नाताळच्या सुट्टीत आम्ही ६ रात्रींसाठी बालीला चाललोय. मी, माझे मिस्टर, ७ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. आमच्या घरातला हा पहिलाच परदेश प्रवास. सासूबाईंना १४ वर्षांपासून मधुमेह आहे, रात्रीचं इन्सुलिन चालू आहे. वन्सं म्हणतात, बाहेरचं काही खाऊ नका, सगळं घरून न्या. म्हणून दशम्या, चटण्या, मेतकूट, लाडू अशी यादी केलीय. पोट बिघडलं तर म्हणून गोळ्यांची वेगळी पिशवी केलीय. मिस्टरांना तिथे स्कूटर भाड्याने घेऊन फिरायचंय. मुलाला माकडांच्या जंगलात जायचंय, त्याने आत्तापासून शेंगदाणे साठवलेत. सासूबाई म्हणतात, 'आपण आयुष्यभर डासांत नि धुळीत राहिलेली माणसं, आपल्याला काय होतंय?' लसी घ्याव्यात का? अजून काय बरोबर न्यावं?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही सगळी काळजी पोटाची केली आहे. स्कूटर आणि माकडं मात्र पत्रात अशी आली आहेत, जणू ती मजेचीच गोष्ट. मला नेमकी त्याच दोन गोष्टींची धास्ती वाटते. पोट बिघडलं तर तुमचे दोन दिवस जातील. बाकीच्या काही गोष्टी बिघडल्या, तर त्या माणूस घेऊन जातात. म्हणून मी शेंगदाण्यांपासूनच सुरुवात करते.

इंडोनेशियातलं बाली बेट २००८ पर्यंत रेबीजमुक्त होतं. त्या वर्षी दक्षिणेकडच्या भागात कुत्र्यांमध्ये रेबीज आला, नंतर तो बेटभर पसरला आणि आजही तो तिथे आहे. मुख्य धोका कुत्र्यांचाच, पण रेबीज कुठल्याही सस्तन प्राण्याला होऊ शकतो, म्हणून माकडाचा चावाही आम्ही डॉक्टर तितक्याच गांभीर्याने घेतो. महाबळेश्वरला किंवा सप्तशृंगगडावर माकडांना खाऊ घालायची आपल्याकडे सवय असते. मुलाने शेंगदाणे साठवले ते त्यातूनच. पण उबुदच्या जंगलातली आणि उलुवातूच्या देवळातली माकडं माणसांना इतकी सरावलेली आहेत की पिशवीचा नुसता आवाज आला तरी अंगावर येतात. उलुवातूची तर चष्मा, मोबाईल, टोपी हिसकावून पळतात आणि खायला दिल्याशिवाय परत करत नाहीत. मूल घाबरून मूठ घट्ट आवळतं, माकड ती मूठ उघडायला जातं आणि तिथेच नख लागतं किंवा दात लागतो.

मुलाला जंगलात न्या, त्याचा हिरमोड करू नका. फक्त शेंगदाणे घरी ठेवा. आत शिरण्याआधी खिशातलं आणि पिशवीतलं सगळं खाणं काढा, चष्मा आणि टोपी बॅगेत बंद करा. माकडाच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही, त्याला दात दाखवून हसायचं नाही, कारण माकडाला ते आव्हान वाटतं. अंगावर चढलंच तर ओढाताण करायची नाही, स्थिर उभं राहायचं, ते आपोआप उतरतं.

आणि तरीही ओरखडा उठला तर? ही गोष्ट मिस्टरांना आणि सासूबाईंनाही तोंडपाठ असू द्या. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून. हात दुखायला लागेपर्यंत वेळ जातो तो. मग बीटाडीन लावायचं आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. हळद, चुना, तिखट काही नाही. माझ्याकडे एक तरुण असा आला होता की सहलीत माकडाने पोटरीवर ओरबाडलं होतं, आणि तो मला हे सांगायला आला अकराव्या दिवशी, दुसऱ्याच कुठल्या तरी दुखण्यासाठी आला असताना. "रक्त फारसं नव्हतं आलं," म्हणाला. मी तिथल्या तिथे लस सुरू केली आणि तो ठणठणीत राहिला. पण पुढचे कितीतरी दिवस मला त्याची काळजी होती, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की आमच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

लसीचा प्रश्न इथेच येतो. रेबीजची लस चावण्याआधीही घेता येते, एका आठवड्याच्या अंतराने दोन डोस. ती घेतलेली असली तरी चावल्यावर आणखी दोन डोस लागतातच, पण इम्युनोग्लोब्युलिन नावाचं जे महागडं आणि सगळीकडे न मिळणारं इंजेक्शन जखमेभोवती द्यावं लागतं, ते लागत नाही. परक्या बेटावर ते शोधत फिरायची वेळ येऊ नये, ही केवढी मोठी सोय आहे. सरसकट सगळ्या प्रवाशांनी ही लस घ्यावी असं मी म्हणणार नाही. तुमच्या मुलाला मात्र मी ती दिली असती. ७ वर्षांचं मूल ओरखडा लपवतं, रागावतील म्हणून सांगत नाही. शिवाय इचलकरंजीतही गल्लोगल्ली कुत्री आहेतच, लस फुकट जाणार नाही.

बाकीच्या लसींचं थोडक्यात. टायफॉइडची लस सगळ्यांनी घ्यावी. कावीळ अ म्हणजे हिपॅटायटिस ए ची लस मुलाला झाली आहे का, ते त्याच्या कार्डावर पाहा. आपल्या पिढीतल्या बहुतेकांना लहानपणीच ही कावीळ नकळत होऊन गेलेली असते, पण आजच्या मुलांचं तसं नाही. धनुर्वाताचा शेवटचा डोस कधी घेतला हे आठवत नसेल तर घेऊन टाका. सासूबाईंना फ्लूची लस द्या, विमानात आणि विमानतळावर हजार माणसांचा खोकला असतो. हे सगळं निघण्याच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका. चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांकडे गेलात तर सगळं नीट बसवता येतं.

आता स्कूटर. बालीत आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहनं चालतात, त्यामुळे आपल्या माणसांना वाटतं, यात काय अवघड! पण तुम्ही जाताय नाताळात. आपल्याकडे डिसेंबर म्हणजे स्वेटर. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि नोव्हेंबर ते मार्च तिथे पावसाळा असतो. ओले, अरुंद, वळणांचे रस्ते, पुढे लहान मूल उभं, मागे तुम्ही, आणि भाड्याची अनोळखी गाडी. साध्या घसरण्यातही गुडघे सोलवटतात, आणि त्या दमट हवेत जखम सुकत नाही, चिघळते. गाडीवरून उतरताना सायलेन्सरचा चटका पोटरीला बसतो तो वेगळाच. त्यानंतर समुद्रही बंद आणि पोहणंही बंद.

मिस्टरांना माझ्या वतीने सांगा, चालकासकट गाडी ठरवा. चार जणांत तो खर्च जड होत नाही. तरीही स्कूटरच हवी असेल तर एकट्याने, आरटीओतून दुचाकीसाठीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणि हेल्मेटचा पट्टा बांधून. मुलाला मुळीच नाही. प्रवास विम्याचा कागद काढून त्यात दुचाकीबद्दल काय लिहिलंय ते शोधा. वैध परवाना नसेल तर कंपन्या दावा नाकारतात, आणि परदेशात मोडलेल्या हाडावर शस्त्रक्रिया करण्याआधी रुग्णालयं पैशाची किंवा विम्याची हमी मागतात. त्याच कागदात सासूबाईंचा मधुमेह "आधीपासूनचा आजार" म्हणून नोंदवलेला आणि मान्य केलेला आहे ना, तेही बघा. चार पैसे वाचावेत म्हणून हा आजार लपवू नका. अडचणीच्या रात्री तीच लपवलेली ओळ तुमच्या आड येईल.

समुद्राबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, म्हणून आपणहून सांगते. कुटा, लेगियन, सेमिन्याकच्या किनाऱ्यांवर पाण्याला जबरदस्त खेच असते, पावसाळ्यात तर जास्तच. गणपतीपुळ्याला गेला असाल तर किनाऱ्यावरच्या धोक्याच्या पाट्या आठवतील, तोच प्रकार. किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं तर दोन्हीकडे लाटा फुटून पांढरा फेस दिसतो, आणि मध्येच एक पट्टा शांत, जरा गडद, लाटा न फुटणारा असतो. नवखा माणूस मुलाला घेऊन नेमका त्या शांत पट्ट्यात उतरतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी त्याच वाटेने परत समुद्रात ओढलं जात असतं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या जागेतच उतरायचं, लाल झेंडा असेल तर पाय सुद्धा ओले करायचे नाहीत. ओढले गेलातच तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही, त्यात माणूस दमून बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं, किंवा पाठीवर तरंगून हात वर करायचा. तुमच्याबरोबर मूल आणि सासूबाई आहेत, तेव्हा सानुर किंवा नुसा दुआचा किनारा निवडा. तिथे प्रवाळाच्या कडेमुळे लाटा बाहेरच मोडतात.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की डासांच्या बाबतीत त्यांचं गणित उलटं आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एक प्रकार होऊन गेला की शरीर त्या प्रकाराला ओळखतं, पण पुढे दुसऱ्या प्रकाराचा झाला तर तो गंभीर वळण घेण्याची शक्यता वाढते. म्हणजे आयुष्यभर डासांत राहिलेल्या माणसाने तर जास्तच जपायचं. बालीत डेंग्यू आहे आणि पावसाळ्यात तो वाढतो. मलेरियाचं म्हणाल तर बालीच्या पर्यटन भागात त्याची भीती जवळजवळ नाही, त्यासाठी गोळ्या घ्यायची गरज नाही. पूर्वेकडच्या फ्लोरेस, सुंबा बेटांवर जाणार असतात त्यांची गोष्ट वेगळी.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळण्याआधीच्या दोन-तीन तासांत सर्वात जास्त. रात्री कॉइल लावून झोपलो म्हणजे झालं, असं नाही. सकाळी फिरायला निघतानाच डासांचं मलम लावायचं. डबीवर डीईईटी (डासांना दूर ठेवणारं रसायन) किती टक्के आहे ते वाचा, २० ते ३० टक्के असलेलं चांगलं. मुलाच्या हाताच्या पंजांना आणि डोळ्यांजवळ लावू नका, आणि तुम्ही आपल्या हातावर घेऊन त्याला लावा, त्याच्या हातात देऊ नका. उन्हाचं क्रीम आधी, ते मुरलं की वरून डासांचं. क्रम उलटा झाला तर उपयोग कमी होतो.

ऊन तिथलं फसवं असतं. ढग असले तरी भाजतं. मासे आणि प्रवाळ बघायला मुलं पाण्यावर पालथी पडून राहतात, वरून गार वाटतं, आणि रात्री पाठीला हात लावू देत नाहीत. क्रीम दर दोन तासांनी लावायचं म्हणतात, पण पाण्यात ते टिकतच नाही. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालूनच त्याला पाण्यात सोडा. माझ्या मते पाठीसाठी याहून चांगला उपाय नाही.

सासूबाईंच्या इन्सुलिनबद्दल नीट लिहिते, कारण इथे चुका होतात. इन्सुलिन आणि सगळी रोजची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. सामानात टाकलेलं इन्सुलिन विमानाच्या पोटात गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. सामान हरवलं तर प्रश्नच मिटला. निम्मी औषधं तुमच्या पर्समध्ये, निम्मी त्यांच्या, दोन्हींत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं, कारण तिथल्या दुकानात आपली नावं कळणार नाहीत. वापरातलं पेन खोलीत ठेवलं तरी चालतं, पण उन्हात लावलेल्या गाडीत एक तासही नाही. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. एवढ्या फरकाने रात्रीच्या डोसचं सहसा काही अडत नाही, तरी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा.

उष्ण हवेत इन्सुलिन अंगात लवकर उतरतं आणि फिरण्यात चालणंही वाढतं. त्यामुळे साखर वाढण्यापेक्षा अचानक कमी होण्याची भीती जास्त. घाम, हात थरथरणं, विनाकारण चिडचिड, असं दिसलं तर "ऊन लागलं असेल" म्हणून सोडून देऊ नका. आधी दोन-तीन चमचे साखर पाण्यातून द्या, मग मशीनवर तपासा. त्यांच्या पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या कायम असू द्या. आणि पाय! १४ वर्षांच्या मधुमेहात तळव्यांची जाणीव कमी झालेली असू शकते. बालीत काही किनाऱ्यांवर ज्वालामुखीची काळी वाळू आहे, ती दुपारी तव्यासारखी तापते. माझ्या एक वृद्ध पेशंट एका देवस्थानच्या अंगणात भर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घालून आल्या. त्यांना चटका जाणवलाच नाही. घरी आल्यावर सुनेला चादरीवर ओले डाग दिसले, तेव्हा तळव्यावरचे दोन फोड लक्षात आले. ती जखम भरायला तीन महिने लागले. सासूबाईंना पाण्यातही चालतील अशा बंद चपला घ्या आणि रोज रात्री त्यांचे तळवे दिव्याखाली तुम्ही स्वतः बघा. त्यांना संकोच वाटेल, तरी बघा.

आता पोट. वन्सं चुकीचं सांगत नाहीत, फक्त सगळं घरून नेण्याची गरज नाही. दशम्या त्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरसतात, पहिल्या दोन दिवसांपुरत्या न्या. चटण्या, मेतकूट उत्तम. लाडवात किंवा अनारशात खसखस असेल आणि तुमचं विमान सिंगापूरवरून जात असेल, तर ते घरीच ठेवा, तिथे खसखशीला बंदी आहे. गोळ्यांच्या पिशवीतही एकदा डोकवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय इंडोनेशियात नेऊ नका, तिथले अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत.

तिथे नळाचं पाणी प्यायचं नाही, दात घासायलाही बाटलीचंच. गरम, समोर परतलेलं अन्न बिनधास्त खा. नासी गोरेंग म्हणजे परतलेला भात, तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, भाज्या छान मिळतात. उघड्यावर कापून ठेवलेली फळं नकोत, स्वतः सोलून खा. शाकाहारी असाल तर सांगून घ्या, कारण भाजीतही सुक्या कोळंबीचा तेरासी नावाचा मसाला असतो. कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर जास्तच जपा, तिथल्या कितीतरी पदार्थांवर शेंगदाण्याची आमटी घालतात. लाल गराचं ड्रॅगन फ्रूट खाल्लं तर दुसऱ्या दिवशी शौचाला लाल होतं. ते रक्त नव्हे, घाबरू नका.

जुलाब झालेच तर पहिलं औषध ओआरएस. डब्ल्यूएचओ फॉर्म्युला असं लिहिलेल्या पुड्या न्या, आठ-दहा तरी. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, त्यांतल्या साखरेने मुलाचे जुलाब वाढतात. पुडी संपली तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, इतकं मोजून. सासूबाईंनाही द्या, साखर आहे म्हणून टाळू नका, फक्त मशीनवर लक्ष ठेवा. त्यांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या जुलाब-उलट्यांत थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही. जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी तुमच्या पिशवीत असेल तर ती मुलाला कधीही नाही, आणि ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यांनाही नाही.

एक गोष्ट मिस्टरांसाठी. पार्टीत स्वस्त कॉकटेल किंवा अरक म्हणून स्थानिक दारू देतात, ती घेऊ नये. तिच्यात कधी कधी मिथेनॉल निघतं. २००९ मध्ये बाली आणि लोंबोकमध्ये अशा दारूने वीसहून अधिक जण दगावले, त्यांत परदेशी पाहुणेही होते. आपल्या मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली ती याच विषाने. नशा उतरल्यावर बारा-चोवीस तासांनी नजर धुरकट झाली, डोळ्यांसमोर पांढरं दिसू लागलं, तर तो हँगओव्हर नाही. त्याच क्षणी रुग्णालय.

तुमचा शेवटचा प्रश्न, अजून काय न्यावं. थर्मामीटर, बीटाडीन, पॅरासिटामॉल, एक साबणाची छोटी वडी जवळच्या पर्समध्ये, साखर तपासायच्या जादा पट्ट्या. मोबाईलमध्ये विम्याचा आणीबाणीचा नंबर आणि तुमच्या हॉटेलजवळच्या रुग्णालयाचा पत्ता. डेनपसारमध्ये भारताचं वाणिज्य दूतावास आहे, त्याचा नंबरही लिहून ठेवा.

डेंग्यूची लक्षणं डास चावल्यावर बहुधा ४ ते १० दिवसांनी दिसतात. तुमची सहल ६ रात्रींची. म्हणजे बालीत चावलेल्या डासाचा ताप बहुधा चढेल तो इचलकरंजीत, शाळा सुरू झाल्यावर. तेव्हा तो "प्रवासाचा शीण" किंवा "थंडीचा ताप" म्हणून अंगावर काढू नका. कॉम्बिफ्लॅम, डिस्प्रिन देऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. ताप उतरताना पोटात जोराने दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा मूल मलूल होऊन पडून राहिलं, तर ताप उतरला म्हणून निश्चिंत न होता ताबडतोब दाखल करा. सासूबाई रोज रक्त पातळ ठेवायची गोळी घेत असतील, तर ताप आल्यावर तिचं काय करायचं तेही डॉक्टरांना विचारूनच. परत आलात त्या तारखेला कॅलेंडरवर खूण करा, आणि पुढच्या तीन आठवड्यांत घरात कोणालाही ताप आला तर दवाखान्यात शिरल्या शिरल्या पहिलं वाक्य हेच सांगा: आम्ही अमुक तारखेला बालीहून आलोय.